गावाचा छायाचित्रसंग्रह शोधण्याजोगा करताना

विदर्भातल्या कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या गावात आज छायाचित्रांची वाण नाही. वाचनालयाचा संगणक, शाळेच्या कपाटातल्या सीडी, दुर्गा मंडळाच्या कार्यकर्त्यांचे मोबाइल आणि पंचनाम्याच्या वेळी शेताशेतांत काढलेले फोटो मिळून दहा-बारा हजारांचा आकडा सहज गाठला जातो. मात्र ग्रामसभेच्या आदल्या रात्री कोणी “पांदण रस्ता व्हायच्या आधीचा फोटो द्या हो” म्हटले, की ते सगळे फोटो असून नसल्यासारखे होतात, कारण त्यांतला प्रत्येक फोटो कॅमेऱ्याने दिलेल्या क्रमांकाखाली दडलेला असतो.

असा संग्रह ऑनलाइन ठेवून तो शब्दांनी शोधता यावा, यासाठी काय करावे लागते ते इथे क्रमाने सांगितले आहे. वाचनालयाचा ग्रंथपाल, शाळेतला शिक्षक किंवा गावात राहून हे काम अंगावर घेणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याला संगणकाचे विशेष ज्ञान नसले तरी चालेल. गावाचे मात्र हवे. या कामात सॉफ्टवेअर कोणते घेतले यापेक्षा शोधशब्दांची, म्हणजे कीवर्डची, यादी कोणी आणि किती विचाराने केली यालाच अधिक महत्त्व आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी प्रश्न लिहून काढावेत

एकाही फोटोला हात लावण्यापूर्वी हा संग्रह कोण धुंडाळणार आहे ते ठरवावे आणि त्या माणसांना जाऊन विचारावे. शिक्षकाला प्रकल्पासाठी काय लागते, सरपंचांना प्रस्तावासोबत काय जोडावे लागते, बचत गटाच्या ताईंना मेळाव्याच्या फलकासाठी कोणता फोटो हवा असतो, तालुक्याचा वार्ताहर ऐन वेळी काय मागतो, हे त्यांच्याच तोंडच्या शब्दांत वहीत उतरवून घ्यावे. “बोंडअळी पडलेली पऱ्हाटी”, “शाळेच्या जुन्या इमारतीवरचे कवेलू”, “झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप”, “धानाची रोवणी करणाऱ्या बाया” अशी तीस-चाळीस वाक्ये जमली की निम्मी शब्दयादी आपोआप तयार होते. ही वाक्ये ‘शुद्ध’ करून लिहू नयेत. माणूस बोलतो तेच शब्द पुढे शोधाच्या चौकटीत टाइप करतो.

मूळ फाइली गोळा कराव्यात

फोटो मागवताना सर्वांत जास्त नुकसान व्हॉट्सअ‍ॅपमुळे होते. कॅमेरा किंवा मोबाइल प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि लोकेशन सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही नोंदवतो. एक्झिफ नावाची ही पद्धत १९९५ पासून चालत आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो लहान तर होतोच, शिवाय त्याच्या पोटातली ही माहितीही गळून पडते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, तो त्या मोबाइलमध्ये कधी आला याची असते. म्हणून लोकांना एकच विनंती पुन्हा पुन्हा करावी: फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा मोबाइल घेऊन वाचनालयात या, आम्ही केबलने उतरवून घेऊ. दुसरा मार्ग वेळखाऊ असला तरी मला तोच पसंत आहे, कारण फोटो उतरेपर्यंत माणूस समोर बसलेला असतो आणि “हे कुठले?” हे त्याला तिथेच विचारता येते.

तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागे जाते आणि पुढचे सगळे फोटो भलत्याच वर्षाचे होतात. मात्र अशा फोटोंमधला फरक सारखाच असल्यामुळे एका फोटोची खरी तारीख कळली की पूर्ण गठ्ठा तेवढ्या फरकाने पुढे सरकवता येतो. डिजिकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचा प्रश्न वेगळा असतो, कारण त्यांच्या फाइलवर स्कॅन केल्याचा दिवस बसतो आणि आजोबांच्या लग्नाचा फोटो यंदाच्या फोटोंमध्ये जाऊन मिसळतो. नक्की तारीख माहीत नसेल तर अंदाजाने १ जानेवारी लिहून मोकळे होण्यापेक्षा वर्णनात “अंदाजे १९७५ ते १९८०” असे लिहावे आणि “१९७० चे दशक” हा शोधशब्द द्यावा. खोट्या नेमकेपणापेक्षा प्रामाणिक अंदाज संशोधकाला अधिक उपयोगी पडतो.

गोळा झालेल्या मूळ फाइलीतले चित्र कधीही बदलू नये. फिरवणे, कापणे, रंग उजळणे हे सगळे प्रतीवर करावे. मूळ संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात आणि तिसरी ऑनलाइन ठेवावी.

फाइलींची नावे आणि फोल्डर

इथे फार वेळ घालवू नये. फोल्डर विषयाप्रमाणे करण्याचा मोह होतो, पण एकाच फोटोत बैल, मंदिर, सरपंच आणि पाऊस असे चार विषय असतात आणि फाइल एकाच फोल्डरमध्ये राहू शकते. म्हणून फोल्डर वर्षाचे आणि त्यात प्रसंगाचे ठेवावेत. विषयाचे काम शोधशब्दांवर सोडावे. नाव “२०२४-०९-०३_तान्हा-पोळा_०१४” अशा घडणीचे असावे, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. इथे छपाईच्या रीतीने देवनागरी अंक दिले असले तरी फाइलच्या नावात इंग्रजी अंकच वापरावेत, कारण कॅमेरा तेच वापरतो आणि दोन्ही अंक मिसळले की क्रम बिघडतो. नावात मोकळी जागा सोडण्यापेक्षा आडवी रेघ बरी.

शब्द फाइलच्या आतच लिहावेत

नवख्यांकडून हमखास होते ते असे, की एखाद्या संकेतस्थळावर फोटो चढवून तिथल्याच रकान्यात महिनोन् महिने वर्णने लिहिली जातात. पुढे ती सेवा महाग झाली, बंद पडली किंवा पासवर्ड हरवला की फोटो हार्ड डिस्कवर शाबूत राहतात, पण शब्द जातात. त्यासाठी शोधशब्द आधी फाइलच्या आत लिहावेत आणि मगच फाइल ऑनलाइन चढवावी. वृत्तसंस्थांनी रूढ केलेली आयपीटीसी आणि अडोबीने आणलेली एक्सएमपी या दोन पद्धतींत मथळा, वर्णन, छायाचित्रकाराचे नाव, ठिकाण आणि शोधशब्द यांचे वेगळे रकाने असतात. जेपेग फाइलमध्ये ते थेट बसतात आणि फाइल कुठेही नेली तरी सोबत जातात.

विंडोजच्या संगणकावर वेगळे काही न बसवताही सुरुवात करता येते. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘डिटेल्स’ उघडले की ‘टॅग्ज’ हा रकाना दिसतो; त्यात अर्धविरामाने वेगळे केलेले शब्द लिहावेत. अनेक फाइली एकदम निवडूनही हे करता येते. मात्र काम हजारांत गेले की डिजिकॅम घ्यावे. ते लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर चालते, शोधशब्दांची शाखा-उपशाखांची यादी सांभाळते, आणि सारखे दिसणारे फोटो शोधून दुबार प्रती वेगळ्या काढायलाही मदत करते. ते बसवल्यावर सेटिंगमध्ये जाऊन शोधशब्द फाइलमध्येच लिहिण्याचा पर्याय चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. नाहीतर सगळे शब्द सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीतच राहतात. ज्यांना आज्ञा टाइप करून काम करण्याची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी फिल हार्वे यांचे एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. हजारो फाइलींत एकच चुकीचा शब्द बदलायचा असेल तर त्याला तोड नाही.

एक तांत्रिक अडचण देवनागरीत लिहिणाऱ्यालाच भोवते. आयपीटीसीच्या जुन्या पद्धतीत एका शोधशब्दाला ६४ बाइटांची मर्यादा आहे. रोमन लिपीतले अक्षर एका बाइटात मावते, तर देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त तीन-तीन बाइट घेतो. म्हणजे एका शोधशब्दात जेमतेम एकवीस चिन्हे बसतात. “अतिवृष्टीग्रस्त सोयाबीन” या दोन शब्दांचे ६७ बाइट होतात आणि शेवटचे अक्षर कापले जाण्याचा धोका राहतो. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, पण कोणते संकेतस्थळ कोणता रकाना वाचेल ते आपल्या हातात नसते. म्हणून “अतिवृष्टी” आणि “सोयाबीन” असे दोन सुटे शब्द द्यावेत. शोधायलाही तेच सोयीचे पडतात.

शब्दयादी

आता मुख्य काम. स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करावेत: मुख्य शब्द, त्याच्यासोबत नेहमी लावायचे शब्द, आणि वापरायची नाहीत अशी रूपे. गावातली तीन-चार जाणती माणसे बसवून ही यादी पक्की करावी आणि ज्याला नवा शब्द हवा असेल त्याने आधी तो यादीत घालावा, मग फोटोला लावावा, असा नियम ठेवावा. हा नियम जाचक वाटतो, पण त्याच्याशिवाय वर्षभरात एकाच विहिरीचे “विहीर”, “विहिर”, “विहिरी” आणि “जुनी विहीर” असे चार संसार थाटले जातात.

शोधशब्द नेहमी मूळ रूपात आणि शक्यतो एकवचनात असावा. मराठीत नाम वाक्यात गेले की त्याचे रूप बदलते. विहीर ‘विहिरीत’ होते, धुरा ‘धुऱ्यावर’ होतो, पोळा ‘पोळ्याच्या’ होतो. केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘पोळा’ असे विचारले तर ‘पोळ्याच्या दिवशी काढलेला फोटो’ हे वर्णन त्याला जुळत नाही आणि फोटो समोर असून सापडत नाही. म्हणूनच वर्णन कितीही चांगले लिहिले तरी मूळ रूपातले शब्द वेगळे द्यावेच लागतात.

त्यानंतर येतात एकाच वस्तूची अनेक नावे. वऱ्हाडात पऱ्हाटी म्हणतात, कृषी खात्याच्या कागदात कपाशी लिहिले जाते आणि बाहेरचा माणूस कापूस शोधतो. भंडारा-गोंदियाकडचे धान पुण्याच्या माणसाला भात म्हणून हवे असते. इथे कोणते नाव खरे याचा वाद घालण्यात अर्थ नाही. एक मुख्य शब्द ठरवावा, बाकीचे दुसऱ्या रकान्यात ठेवावेत आणि मुख्य शब्द लावला की तेही लावावेत. संग्रह राज्याबाहेरच्या अभ्यासकांसाठीही खुला असेल तर रोमन लिपीतला इंग्रजी शब्द त्यांतच जोडावा.

याच्या उलट, एका शब्दाचे दोन अर्थ होतात तिथे अधिक जपावे लागते. बंडी म्हणजे आपल्याकडे बैलगाडी, पण अंगात घालायची बंडीही असतेच; म्हणून “बंडी” एकटा न लावता “बैलगाडी” हा मुख्य शब्द ठेवावा. आठवडी बाजारातल्या भाजीच्या दुकानाचा फोटो ‘सांबार’ (आपल्याकडे कोथिंबिरीचे नाव) या शब्दाखाली आणि ताडोब्याच्या वाटेवरचे हरीण ‘सांबर’ या शब्दाखाली गेले, तर एका मात्रेच्या चुकीने कोथिंबिरीच्या जुड्या वन्यजीवांच्या यादीत जाऊन बसतात. हसू येते, पण शोधणाऱ्याचा वेळ जातो. अशा ठिकाणी “कोथिंबीर” आणि “सांबर हरीण” असे निःसंदिग्ध शब्द मुख्य ठेवावेत.

डोळ्यांना दिसत नाही अशी एक चूक वऱ्हाडकरांच्या वाट्याला विशेष येते. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘धुऱ्यावर’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणक-मोबाइलच्या सामायिक अक्षरसंचात, दोन रीतींनी टाइप होतो: एकदा खाली टिंब असलेल्या वेगळ्या ‘ऱ’ ला हलन्त लावून, आणि एकदा साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात आणि एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. वेगवेगळ्या कीबोर्डवरून दोन माणसांनी काम केले की ही गाठ हमखास पडते. त्यावर उपाय सोपा आहे: शब्द दरवेळी नव्याने टाइप न करता यादीतून उचलून चिकटवावा किंवा डिजिकॅमच्या यादीतून निवडावा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकांत लिहिलेल्या ओळी तर मुळीच चिकटवू नयेत. त्या त्या टंकापुरत्याच मराठी दिसतात, आत निराळीच अक्षरे असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

ठिकाणाच्या शब्दांत गाव, तालुका आणि जिल्हा तिन्ही द्यावेत. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव या नावांची गावे इतकी आहेत, की तालुक्याशिवाय ते नाव निरुपयोगी ठरते. खुर्द आणि बुद्रुक पूर्ण लिहावे, “बु.” असे नाही. जुन्या फोटोंसाठी जिल्ह्यांचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पूर्वी गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यात होते, वाशीम १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळे झाले आणि गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. आमगावच्या १९९० च्या फोटोच्या पाठीवर “जि. भंडारा” असे लिहिलेले सापडले तर ते खोडू नये. भंडारा आणि गोंदिया दोन्ही शोधशब्द द्यावेत.

सणांच्या बाबतीत तारीख कामाला येत नाही. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. तिथीप्रमाणे येणारा प्रत्येक सण असाच सरकत असल्यामुळे त्याचे नाव शोधशब्दात हवेच. पोळ्याचा मुख्य दिवस “बैलपोळा” आणि दुसरा दिवस “तान्हा पोळा” असे दोन शब्द ठेवले, तर नुसते “पोळा” शोधणाऱ्याला बहुतेक ठिकाणी दोन्ही मिळतात आणि नेमके शोधणाऱ्याला नेमके मिळते. शेतीच्या फोटोंना हंगामही लावावा: खरीप, रब्बी किंवा उन्हाळी.

“सुंदर”, “छान”, “आठवण”, “गाव” असे शब्द यादीत येऊ देऊ नयेत. जो शब्द प्रत्येक फोटोला लागू पडतो तो एकही फोटो वेगळा काढून देत नाही. एका फोटोला सहा ते बारा शब्द पुरेसे होतात.

एका फोटोवर काम

समजा, तान्ह्या पोळ्याचा एक फोटो समोर आहे. मारुतीच्या देवळासमोर पाच-सहा मुले उभी आहेत. पुढच्या मुलीच्या हातात चाके लावलेला लाकडी बैल आहे, त्याच्या पाठीवर जरीच्या कापडाची झूल आहे आणि गळ्यात घुंगरांची माळ. वर आंब्याच्या पानांचे तोरण आहे. मागे कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, छप्पर असलेली खोली आणि तिच्या दारावर सेवा सहकारी सोसायटीची गंजलेली पाटी.

नवखा माणूस इथे “तान्हा पोळा” आणि “मुले” लिहून पुढे जाईल. त्याने थोडे थांबून फोटोची मागची बाजू पाहावी. मुले दरवर्षी उभी राहणार आहेत, पण ती खोली पुढच्या बांधकामात जाईल, आणि दहा वर्षांनी सोसायटीच्या जुन्या जागेचा पुरावा शोधणाऱ्याला हाच एक फोटो उपयोगी पडेल. तेव्हा वर्णन असे लिहावे: “तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर लाकडी बैल घेऊन उभी असलेली मुले, मागे सेवा सहकारी सोसायटीची जुनी खोली.” आणि शोधशब्द: तान्हा पोळा, लाकडी बैल, नंदी, झूल, तोरण, मुले, मारुती मंदिर, सेवा सहकारी सोसायटी, कवेलू, शिवाय गाव, तालुका, जिल्हा. मुले घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागत असतील त्याच फोटोला “बोजारा” हा शब्द लावावा. या फोटोत तो प्रसंग दिसत नाही, म्हणून इथे तो नको. फोटोत जे दिसते त्यालाच शब्द द्यावा. त्या दिवशी आणखी काय झाले ते वर्णनात लिहिता येते.

ढीग कसा उपसावा

जुन्या ढिगापासून सुरुवात करू नये. यंदाचे, ज्यांची माहिती ताजी आहे असे दोन-तीन प्रसंग आधी घ्यावेत, म्हणजे शब्दयादीतले दोष लवकर उघडे पडतात आणि मागे जाऊन दुरुस्त करण्याचे ओझे हलके राहते. एका प्रसंगाचे सगळे फोटो एकदम निवडून प्रसंग, ठिकाण, हंगाम आणि छायाचित्रकार हे समान शब्द एका फटक्यात लावावेत. मग एकेक फोटो उघडून त्याचे वेगळेपण नोंदवावे. जुन्या फोटोंच्या बैठकीला मात्र एक टाइप करणारा आणि एक सांगणारा अशी जोडी हवी. सांगणाऱ्या आजी-आजोबांसमोर पडदा मोठा ठेवावा आणि त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने मोबाइलवर रेकॉर्ड करावे, कारण ते टाइप करणाऱ्याच्या वेगाने बोलत नाहीत आणि त्यांनी तसे बोलावे अशी अपेक्षाही करू नये.

गूगल फोटोज चेहरे आणि वस्तू आपोआप ओळखते, हे खरे आहे आणि पहिल्या चाळणीसाठी त्याचा जरूर उपयोग करावा. फोटोत बैल आहे एवढे यंत्र सांगू शकते. तो बैल कोणाच्या गोठ्यातला आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, कोणत्या वर्षीचा, हे मात्र माणसालाच लिहावे लागते.

ऑनलाइन कुठे ठेवावे

फोटो घरगुती किंवा संस्थेपुरते असतील तर गूगल फोटोज सोयीचे आहे. तिथे शोधशब्दांचा स्वतंत्र रकाना नाही; वर्णनाचा आहे आणि तो शोधात धरला जातो, म्हणून शोधशब्द वर्णनाच्या शेवटी चिकटवावेत. गूगलची मोफत जागा १५ जीबी असून तीत जीमेल आणि ड्राइव्हही येतात. फोटोंसाठीची अमर्याद मोफत सवलत १ जून २०२१ पासून संपली. तिथे लिहिलेली वर्णने गूगल टेकआउटने परत मिळवली तर ती फोटोच्या आत नसतात, शेजारच्या वेगळ्या जेसन फाइलींत येतात. शब्द आधी फाइलमध्ये लिहावेत, हा आग्रह यासाठीच. फ्लिकर चढवलेल्या फाइलीतले शोधशब्द स्वतःहून टॅग म्हणून उचलते, ही मोठी सोय आहे, पण तिथे मोफत खात्यावर १,००० फोटोंचीच मर्यादा आहे.

गावाचे मंदिर, तलाव, पिके, अवजारे, सण यांचे फोटो जगासाठी खुले करायचे असतील तर २००४ मध्ये सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स उत्तम. ते मोफत आहे आणि फोटोत काय दिसते ते तिथे विकिडेटा या खुल्या माहितीसंचातल्या नोंदीशी जोडता येते. त्या नोंदीला अनेक भाषांतली नावे असतात. मात्र तिथे फोटो मुक्त परवान्याने द्यावा लागतो, म्हणजे कोणीही तो श्रेयासह वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. घरगुती वाढदिवसांचे फोटो तिथे चालत नाहीत. दुसऱ्याने काढलेला फोटो त्याच्या परवानगीशिवाय चढवू नये. भारतात छायाचित्राचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, फोटो काढून घेणारा असतो. स्टुडिओतल्या जुन्या फोटोंसाठी त्या कुटुंबाकडे जाऊन लेखी होकार घेणे म्हणूनच योग्य.

चढवण्याच्या वेळेचा हिशोब आधी करावा. सरासरी ४ एमबीचे १२,००० फोटो म्हणजे सुमारे ४८ जीबी होतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस धरला तर अखंड एकवीस तासांहून अधिक लागतात, आणि अखंड हा शब्द आपल्याकडच्या विजेला आणि नेटवर्कला फारसा लागू पडत नाही. रात्रीच्या वेळी, एकेका वर्षाचा फोल्डर घेऊन काम करावे आणि कोणता फोल्डर पूर्ण चढला त्याची खूण वहीत करावी.

काय उघडे ठेवू नये

लहान मुलांची नावे सार्वजनिक शोधशब्दांत देऊ नयेत. मोठ्यांची नावे देताना विचारावे, आणि आत्महत्याग्रस्त कुटुंब, आजारी माणूस किंवा मदत घेणारा शेतकरी यांच्या बाबतीत विचारूनही देऊ नयेत, असे मी म्हणेन. ती नोंद संस्थेच्या आतल्या प्रतीत ठेवावी. जंगलाला लागून असलेल्या गावांनी, मेळघाट असो की नवेगाव-नागझिरा, वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो चढवण्यापूर्वी त्यांतले अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. शिकाऱ्यालाही शोध घेता येतो.

तपासणी आणि खात्याची जबाबदारी

पहिले पाचशे फोटो चढले की सुरुवातीची प्रश्नांची वही काढावी आणि या कामात नसलेल्या माणसाला ते फोटो शोधायला बसवावे. त्याने काय टाइप केले ते शेजारी बसून पाहावे, मध्ये बोलू नये. “डवरणी” शोधून काही आले नाही आणि फोटो “कोळपणी” खाली निघाला, तर दोष त्याचा नाही. यादीत एक शब्द वाढवायचा आहे. न सापडलेल्या शोधांची नोंद संगणकाजवळ कायम ठेवावी आणि महिन्यातून एकदा यादी त्याप्रमाणे दुरुस्त करावी.

खाते कोणाच्याही खासगी ईमेलवर काढू नये. संस्थेच्या नावाचा ईमेल, पुनर्प्राप्तीसाठी दोन पदाधिकाऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात, एवढी व्यवस्था पहिल्याच महिन्यात करावी. गूगल दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकू शकते. त्यामुळे सचिव बदलले की कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत किल्ल्या आणि शिक्क्यांसोबत हे खाते, दोन्ही हार्ड डिस्क आणि शब्दयादीची फाइल यांचीही नोंद करावी, आणि नव्या सचिवांनी सही करण्यापूर्वी खाते स्वतः उघडून पाहावे.